लोखंडाचा पाळणा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



'जालना, सोने का पालना' ही म्हण आमच्या गावात लहान पोरांनाही पाठ असते. कापूस, भुसार, बी-बियाणं यांच्या पेठेमुळे गावात पैसा खेळायचा, त्यावरून ती पडली, असं जुनी माणसं सांगतात. मी जालन्यातच जन्मलो, वाढलो आणि नोकरीची सगळी वर्षं जालन्याच्या एमआयडीसीत काढली. पण सोन्याचा पालना काही माझ्या वाट्याला आला नाही. माझ्या वाट्याला आला तो लोखंडाचा. जत्रेत, उरुसात, आनंदनगरीत उभा असतो तो. आकाशपाळणा. आज त्याच्याविषयी चार शब्द बोलणार आहे. त्याच्यावर माझं प्रेम आहे आणि त्याच्याशी माझं एक जुनं भांडणही आहे.

आधी शब्दाचं सांगतो. आमच्या घरी दखनी बोलली जायची. घरात त्याला 'पालना' म्हणत आणि शाळेत 'पाळणा'. हा 'ळ' माझ्या जिभेला काही केल्या वळेना. दुसरीत गुरुजींनी पंधरा दिवस माझ्याकडून 'बाळ, खेळ, काळ, पाळणा' असं घोकून घेतलं. शेवटी एके दिवशी तो जमला. त्या दिवशी घरी जाताना मी रस्ताभर एकटाच 'पाळणा, पाळणा' म्हणत होतो. पुढे मी मराठीत कविता लिहू लागलो. त्याची सुरुवात कुठे झाली असं कुणी विचारलं, की मला तो रस्ता आठवतो.

माझा पहिला पाळणा मात्र जत्रेतला नव्हे, ईदचा. रमजान ईदच्या दिवशी मोहल्ल्याच्या मोकळ्या जागेत एकजण लाकडी पाळणा आणून उभा करायचा. चार डब्यांचा, दीड माणूस उंचीचा आणि हाताने फिरवायचा. नमाज झाली, शिरखुर्मा पोटात गेला, की मिळालेली ईदी मुठीत धरून आम्ही तिकडे पळायचो. पाळणेवाला फेऱ्या मोजताना हमखास एक-दोन गाळायचा आणि आम्ही आरडाओरडा करून त्या वसूल करायचो. संध्याकाळपर्यंत ईदी त्याच्या खिशात गेलेली असायची आणि आमच्या पोटातला शिरखुर्मा जागेवर नसायचा.

ईद आणि पाळणा यांचं हे नातं फार जुनं आहे. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा एक इटालियन प्रवासी १६१५ साली कॉन्स्टॅन्टिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला होता. तिथला रमजानचा उत्सव त्याने पाहिला, आणि तिथल्या मोठ्या फिरत्या पाळण्यात स्वतः बसल्याचं पत्रात लिहिलं. पुढे १६२० साली पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने आजच्या बल्गेरियातल्या प्लोव्हदिव शहरात असाच पाळणा पाहिला. हाच मंडी नंतर हिंदुस्थानात आला आणि सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला गेला. म्हणजे चारशे वर्षांपूर्वी परक्या मुलखातला एक मोठा माणूस सणाच्या दिवशी पाळण्यात बसतो, खूश होतो आणि घरी कळवतो. आम्ही तरी मोहल्ल्यात दुसरं काय करत होतो?

खरा मोठा पाळणा मी पाहिला तो अंबडला. जालन्यापासून अंबड पंचवीसेक किलोमीटर. तिथे टेकडीवर मत्स्योदरी देवीचं मंदिर आहे आणि नवरात्रात मोठी जत्रा भरते. अब्बांचे कारखान्यातले सोबती अंबडकडचे. त्यांचं बोलावणं असायचं. त्यांच्या घरी आमचं जेवण व्हायचं आणि मग सगळी पोरं जत्रेत. माझं वय तेव्हा सात-आठ वर्षांचं, म्हणजे साल १९७७-७८ असेल.

त्या पाळण्याला इंजिन नव्हतं. माणसंच तो फिरवत. दोन-तीन जवान पोरं सांगाड्यावरून सरसर वर चढायची, वरच्या दांडीला लोंबकळायची आणि आपल्या वजनाने पाळण्याला ओढत खाली यायची. पाय जमिनीला टेकले रे टेकले, की पुन्हा वर. आम्ही बसून फिरत होतो आणि ती पोरं लटकून फिरत होती. पैसे मात्र आम्ही देत होतो. हे मला तेव्हा मोठं गमतीचं वाटायचं.

डबे भरण्याचीही एक रीत होती. पाळण्याचा तोल राहिला पाहिजे, म्हणून समोरासमोरचे डबे भरावे लागत. एका डब्यात एखादा वजनदार आसामी बसला, की पाळणेवाला रांगेवर नजर फिरवून त्याच्या समोरच्या डब्यासाठी दोन बायका आणि चार पोरं निवडायचा. कोण कुठला, कोणाचा, हे त्याच्या लेखी नव्हतं. माणसाचं वजन तेवढं तो डोळ्यांनी तोलायचा.

आमच्या डब्याच्या पाठीवर हिरवा मोर रंगवला होता आणि त्याच्याखाली लिहिलं होतं, 'फिर मिलगे'. पेंटरने 'मिलेंगे'मधली मात्रा आणि अनुस्वार दोन्ही खाल्ले होते. मी नुकताच वाचायला लागलेला. ही चूक आपल्याला कळली, याचा मला पाळण्यात बसण्याइतकाच आनंद झाला होता. पुढची तीन-चार वर्षं मी तोच डबा शोधून बसायचो.

अब्बा मात्र कधी बसले नाहीत. अब्बा आधी जिनिंगमध्ये आणि नंतर एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये फिटर होते. तिकीट काढून मला आणि धाकट्या बहिणीला ते डब्यात बसवत आणि स्वतः जाऊन उभे राहत ते पाळण्याच्या खांबाशी. जिथे सगळा तेलाचा चिकटा आणि धूळ, तिथे. दुसऱ्या पोरांचे वडील समोर उभे राहून हात हलवत, नावाने हाका मारत. माझे वडील वर पाहतही नसत. मान खाली, डोळे जवळजवळ मिटलेले. वरून त्यांची टोपी तेवढी दिसायची. एवढा मोठा माणूस, आणि वरून पाहिलं तर एक पांढरा ठिपका! मी जिवाच्या आकांताने 'अब्बा, अब्बा' ओरडायचो, पण तो ठिपका हलायचा नाही.

एकदा मी रुसून विचारलं, तुम्ही का बसत नाही? ते म्हणाले, "मेरेकू चक्कर आती." मला ते खरं वाटलं. आपले वडील भित्रे आहेत, असंही मनात येऊन गेलं. पोरांच्या मनात अशा गोष्टी येतात, आणि त्या फार दिवस राहतात.

पुढे मी बी.ए. झालो. बी.ए.ला गावात जी किंमत होती ती मिळाली आणि मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात वजनकाट्यावर कारकून म्हणून चिकटलो. जालन्याच्या एमआयडीसीचं हे काम ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. आमचं गाव सळईसाठी प्रसिद्ध आहे. देशभरातून, परदेशातूनही भंगार इथे येतं. विजेच्या भट्टीत सुमारे सोळाशे अंश सेल्सिअसला ते वितळतं. त्या रसाचे लांबट ठोकळे ओततात, त्यांना बिलेट म्हणतात. बिलेट तापवून रोलिंग मिलच्या रुळांमधून काढलं, की लालभडक सळई सापासारखी बाहेर पडते. मग तिच्यावर पाण्याचा जोरदार मारा होतो. त्यामुळे सळईचं बाहेरचं अंग कडक होतं आणि आतला गाभा लवचिक राहतो. यालाच टीएमटी म्हणतात. भट्टीसमोर उभे असतात ते बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले कामगार. कवी म्हणून सांगतो, रात्री ती लाल सळई पाहायला फार सुंदर दिसते. कारकून म्हणून सांगतो, तिच्याजवळ दहा मिनिटं उभं राहवत नाही.

वजनकाट्यावरच्या माणसापुढून सगळ्या जगाचा शेवट जात असतो. सायकली, पलंग, बैलगाडीच्या धावा, शाळेतले बाक, एसटीचे पत्रे. भरलेल्या गाडीचं वजन लिहायचं, रिकामी होऊन आली की पुन्हा लिहायचं. फरक म्हणजे माल. मालाच्या रकान्यात एकच शब्द: भंगार.

१९९८ सालच्या उन्हाळ्यात एक ट्रक काट्यावर आला. वर अँगल, पाइप आणि वाकडे गज यांचा ढीग. त्या ढिगातून एक डबा उलटा लोंबत होता. त्याच्या पाठीवर मोर होता आणि खाली लिहिलं होतं, 'फिर मिलगे'. रंग नवा होता, चूक मात्र जुनीच. पेंटर दरवर्षी जुन्या अक्षरांवरूनच हात फिरवत असला पाहिजे. मी खुर्चीतून उठलो. ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, काय झालं? काटा बंद आहे का?" मी म्हटलं, काही नाही. वजन लिहिलं. रकान्यात लिहिलं, भंगार. ट्रक आत गेला. तो डबा मागून घ्यावा, असं मला अर्ध्या तासाने सुचलं. तोवर उशीर झाला होता.

संध्याकाळी घरी आलो. अब्बा तेव्हा निवृत्त होऊन ओट्यावर बसायला लागले होते. मी सांगितलं, अंबडच्या जत्रेतला तो मोराचा पाळणा आज भंगारात आला. मला वाटलं, ते हळहळतील. ते शांतपणे म्हणाले, "आनाच था. उसका आँस घिस गया था. डावे बाजू का बेरिंग बोलता था. मैं हर साल सुनता था."

श्रोतेहो, मी बराच वेळ काही बोललो नाही. हर साल सुनता था! म्हणजे तो पांढरा ठिपका खांबाशी मान खाली घालून उभा होता तो चक्कर येते म्हणून नव्हे. तो आस ऐकत होता. आयुष्यभर यंत्राजवळ उभ्या राहिलेल्या माणसाचे कान पाळण्याच्या आवाजाला लावलेले होते, कारण त्या आवाजावर त्याची दोन पोरं लोंबकळत होती. मी वरून ओरडत होतो, ते त्यांना ऐकू येत नव्हतं असं नाही. माझ्या आवाजापेक्षा महत्त्वाचा आवाज ते ऐकत होते. मी विचारलं, मग बसवत कशाला होता? ते म्हणाले, "तुमे खूश होते ना."

त्यानंतर मी या पाळण्याची माहिती जमवायला लागलो. आज जगभर ज्याला फेरिस व्हील म्हणतात, तो जॉर्ज फेरिस नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उभारला. याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक आहे. पॅरिसने १८८९ साली आयफेल मनोरा उभारला होता. त्याला तोड म्हणून अमेरिकेला काहीतरी हवं होतं. फेरिसचा पाळणा २६४ फूट उंच होता. त्याला ३६ डबे होते आणि एकेका डब्यात ६० माणसं. म्हणजे एका वेळी २,१६० माणसं हवेत! दोन फेऱ्यांना ५० सेंट.

पण मला थांबवलं ते दुसऱ्याच एका गोष्टीने. या फेरिसचा मूळ व्यवसाय काय, तर पुलांना आणि रेल्वेला लागणारं लोखंड तपासण्याचा. लोखंड खरं की खोटं, भार पेलेल की नाही, हे सांगणारा तो माणूस. म्हणजे अब्बांच्याच जातकुळीतला म्हणायचा. पाळण्याने त्याला नाव दिलं, सुख दिलं नाही. देणी आणि कोर्टकज्जे मागे लागले आणि १८९६ साली, अवघ्या सदतिसाव्या वर्षी तो गेला. त्याचा पाळणा पुढे सेंट लुईसला नेला. १९०६ साली तो सुरुंग लावून पाडला आणि भंगारात विकला. जगातला पहिला मोठा पाळणासुद्धा शेवटी कुणाच्या तरी वजनकाट्यावरूनच गेला असेल! तिथल्या कारकुनाने रकान्यात काय लिहिलं असेल, ते मी सांगू शकतो.

आता माझी चूक सांगतो. २००३ साल. माझी मुलगी सात वर्षांची. एका जत्रेत आम्ही दोघं पाळण्यात बसलो. आता पाळण्याला इंजिन आलं होतं, रंगीत दिवे आले होते, कर्ण्यावर गाणी लागली होती. त्या गाण्यांपुढे आसाचा आवाज ऐकायचा कुणी? मीही ऐकला नाही. अब्बांचं सगळं कळून पाच वर्षं झाली होती, तरी मी तिकीट काढलं आणि बसलो. तिसऱ्या फेरीला खाली काहीतरी कडाडलं. गाणी बंद, दिवे बंद, पाळणा बंद. आम्ही अगदी वर.

अंधारात डबा हलत होता. मुलगी माझ्या शर्टात तोंड खुपसून गप्प होती. रडली असती तर बरं वाटलं असतं. दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मग सांगाड्यावरून एक पोरगा अनवाणी चढत वर आला. सोळा-सतरा वर्षांचा असेल. प्रत्येक डब्यापाशी थांबून तो सांगत होता, "हलू नका, उभं राहू नका, आता उतरवतो." मग त्याने वरची दांडी पकडली आणि आपलं अंग खाली सोडलं. त्याच्या वजनाने पाळणा हळूहळू सरकला. एक डबा खाली पोचला, रिकामा झाला. लगेच समोरचाही रिकामा करायचा, कारण तोल जायला नको. पोरगा पुन्हा वर. इंजिनाने हात टेकल्यावर अंबडच्या जत्रेतली ती जुनी रीतच कामाला आली. माझ्या लहानपणी जे मला गमतीचं वाटलं होतं, त्यानेच माझ्या मुलीला जमिनीवर आणलं.

उतरल्यावर मी त्या पोराला विचारलं, तू कधी बसतोस का रे यात? तो हसून म्हणाला, "नाही काका. बसलं की मळमळतं." मी त्याला पैसे दिले. त्याने ते मोजून खिशात घातले आणि तो पुन्हा इंजिनाकडे पळाला. त्याचं नाव मी विचारलं नाही. ही दुसरी चूक.

माझी मुलगी त्यानंतर कधी पाळण्यात बसली नाही. अब्बा २००९ साली गेले. जग मात्र वर वरच जात राहिलं. लंडनमध्ये २००० साली १३५ मीटरचा पाळणा सुरू झाला आणि दुबईत २०२१ साली २५० मीटरचा. आपल्याकडेही खोपोलीला मोठं उद्यान झालं. तिथे पट्टे असतात, गणवेशातली माणसं असतात. आपल्या जत्रेतला पाळणा मात्र रात्रीत ट्रकमधून उतरतो, लाकडी ठोकळ्यांवर समतोल केला जातो, पिना ठोकल्या जातात, आणि सकाळी पोरांची रांग लागते. त्याची तपासणी व्हायला हवी, दाखला दिसेल असा लावायला हवा, हे मी जिथे संधी मिळेल तिथे सांगतो. पाळणे बंद करा, असं मात्र माझ्याने म्हणवत नाही. ज्या घरातून खोपोलीला जाणं होत नाही, त्या घरातल्या पोराला आभाळ जवळून दाखवणारं दुसरं आहे तरी काय?

यंदा आमच्या गावात आनंदनगरी लागली होती. मुलगी माहेरी आली होती, तिची चार वर्षांची लेक बरोबर. दुरून दिवे दिसले आणि पोरीने हट्ट धरला. माझी मुलगी म्हणाली, "नको." ती फार हळू म्हणाली. मी पाळणेवाल्याला विनंती करून आत गेलो. पिना पाहिल्या, त्यांच्या टोकाच्या चाव्या पाहिल्या. त्याने आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग स्वतःच बॅटरी धरली. एक रिकामी फेरी त्याने गाणी बंद करून फिरवली. मी खांबाशी उभा राहिलो, मान खाली घातली, डोळे मिटले.

आवाज ऐकू आला. पण त्याचा अर्थ मला लागला नाही. अब्बांना तो बोलायचा, मला तो नुसता आवाज होता. तीस वर्षं लोखंडाचं वजन लिहून लोखंडाची भाषा येत नाही, हे मला त्या खांबाशी कळलं. खाली उभं राहून पोरांना सांभाळण्याची अब्बांची विद्या माझ्याजवळ नव्हती. मग माझ्या हाती एकच होतं. मी दोन तिकिटं काढली आणि नातीला मांडीवर घेऊन बसलो.

पाळणा वर गेला. दूर एमआयडीसीच्या भट्ट्यांचा तांबडा उजेड धुरात पसरला होता. नात म्हणाली, "नाना, वो क्या है?" मी म्हटलं, तिथे पाळणे बनतात. अगदीच खोटं नव्हतं ते. मग मी खाली पाहिलं. माझी मुलगी ओढणीचं टोक मुठीत धरून नेमकी त्या तेलकट खांबाशी जाऊन उभी होती. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं.

उतरल्यावर नातीने आईच्या कमरेला मिठी मारली आणि म्हणाली, "अम्मी, मैं पालने में बैठी!" तिला अजून 'ळ' येत नाही. येईल.